सुगीची जुनी यंत्रं: चरक, ऑइल इंजिन, कडबा कुट्टी दुरुस्त कशी करायची आणि त्यांचं मोल कसं ठरवायचं

गुऱ्हाळ बंद पडलं की चरक, म्हणजे उसाचा रस काढायचं यंत्र, आधी चुलवाणाजवळ तसाच पडून राहतो, मग कधीतरी गोठ्याच्या कडेला ढकलला जातो, आणि एक दिवस भंगारवाला वजनकाटा घेऊन दारात उभा राहतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कितीतरी वस्त्यांवर आजही लोखंडी चरक, हाताची कडबा कुट्टी, शेंगा फोडायचं यंत्र, मळणी मशीन आणि दोन फ्लायव्हीलचं, म्हणजे दोन जड चाकांचं, ऑइल इंजिन असं पडून आहे. यातलं बरंच काही याच मातीत घडलेलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर कारखाना उभारला. तीच आजची किर्लोस्करवाडी. तिथून नांगर, चरक, कडबा कुट्टी गावोगाव गेली. साताऱ्याचे धनजीशा कूपर, जे १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, झाले, त्यांच्या कारखान्यातले नांगर आणि इंजिनंही या भागात भरपूर खपली.

माझं म्हणणं एवढंच की अशा यंत्राची किंमत किलोवर ठरवू नका. त्याआधी ते ओळखा, जपून उघडा आणि मगच विकायचं की ठेवायचं ते ठरवा. हे कसं करायचं ते इथे लिहितो आहे. जास्त भर चरक आणि इंजिनावर आहे, कारण आपल्याकडे तेच जास्त सापडतात आणि जास्त नासवलेही तेच जातात.

आधी हलवू नका

यंत्र जिथे आहे तिथेच चारी बाजूंनी फोटो काढा. कुठल्या बाजूला कुठली पुली, कुठला नट, कुठली चकती, हे उघडल्यावर आठवत नाही. मग आजूबाजूची जागा धुंडाळा. इंजिनाचं हँडल, तेलाच्या वाट्या, चरकाचे स्क्रू, कुट्टीचं सुटं पातं, हे सगळं वीस-पंचवीस फुटांच्या आत कुठेतरी असतंच. कधी ते भिंतीच्या कोनाड्यात सापडतं, कधी शेणखळीच्या कडेला, कधी दाराला टेकू म्हणून लावलेलं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. गेलेला एक सुटा भाग नव्याने ओतून घ्यायचा तर आधी लाकडी पॅटर्न करावा लागतो, आणि एका नगासाठी पॅटर्न करणं फार महागात पडतं. म्हणून अर्धा दिवस शोधण्यात गेला तरी चालेल.

कृष्णा-वारणेच्या काठचं यंत्र असेल तर एक गोष्ट आवर्जून बघा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात ते पाण्याखाली होतं का? पुराचा गाळ मैद्यासारखा बारीक असतो आणि सायलेन्सरमधून, एअर फिल्टरमधून थेट सिलिंडरात उतरतो. असं इंजिन ‘बघू फिरतंय का’ म्हणून एकदा जरी फिरवलं तरी लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीवर, ओरखडे पडतात. पुरातलं इंजिन उघडून, धुऊन, मगच फिरवायचं.

हलवताना फ्लायव्हीलला दोर बांधू नका. चेन पुली लावा आणि दोर बेडच्या, म्हणजे खालच्या बैठकीच्या ओतीव भागाखालून घ्या. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दाब सोसतं, पण धक्का सोसत नाही. टेम्पोतून टायरवर जरी आपटलं तरी पाय तुटतो.

वय कसं ओळखायचं

कारखान्याचं नाव बहुधा ओतकामातच उठवलेलं असतं. रंगाच्या चार थरांखाली ते बुजलेलं असलं तर कागद ठेवून वर पेन्सिल घासा, अक्षरं उमटतात. पितळी पाटी असेल तर ती काढू नका, पॉलिशही करू नका. नुसता कापूस आणि थोडं रॉकेल पुरे.

पाटीवरचा पत्ता किंवा घरात जपलेली जुनी पावती तुम्हाला वय सांगते. ‘औंध संस्थान’ लिहिलं असेल तर वस्तू १९४८ च्या आधीची, कारण त्या साली संस्थान विलीन झालं. ‘दक्षिण सातारा जिल्हा’ असेल तर १९४९ ते १९६० मधली. सांगली जिल्हा हे नाव १९६० साली आलं. किंमत रुपये-आणे-पै मध्ये असेल तर बहुधा १९५७ च्या आधीची. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १९७२ नंतरची, कारण पिनकोड त्या वर्षी १५ ऑगस्टला सुरू झाला. या चार खुणा मिळून बऱ्याच वेळा दशक पक्कं होतं. नट-बोल्टचं माप इंची असणं ही खूण मात्र कच्ची धरा. लिस्टर पद्धतीची, म्हणजे लिस्टर या इंग्लिश कंपनीच्या धाटणीची, राजकोटची इंजिनं पुढे कित्येक वर्षं इंची आट्यांवरच बनत होती.

चालवायचं की उभं करायचं

हा निर्णय हत्यार हातात घ्यायच्या आधी घ्या, कारण दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. चालवायच्या यंत्रात झिजलेलं बुश (आस ज्यात फिरतो ती धातूची नळी), खाल्लेला गिअर, सैल चावी (चाक आसावर पक्कं धरणारी पाचर) बदलावीच लागते. अंगणात, कृषी पर्यटन केंद्रात किंवा शाळेत उभं करायचं असेल तर झीज तशीच राहू द्या, ती त्याची ओळख आहे. मधली वाट, म्हणजे आतून निकामी आणि बाहेरून चकचकीत ऑइलपेंट, ही सगळ्यात वाईट. जाणतं गिऱ्हाईक नव्या रंगाखाली काय दडवलंय हेच आधी शोधतं.

साफसफाई

सुका गाळ आधी लाकडी चिपाटीने आणि ताठ ब्रशने काढा. मग डिझेल किंवा रॉकेल. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून सरसकट घासायचा मोह होतो, पण त्यात अक्षरांच्या कडा जातात आणि त्या परत येत नाहीत. जुन्या रंगात शिसं असू शकतं. सुका रंग घासून उडवू नका, ओला करून खरवडा, तोंडाला मास्क लावा, पोरांना लांब ठेवा.

सुट्या लोखंडी भागांचा गंज काढायला सगळ्यात सौम्य उपाय विजेचा. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये पाणी घ्या, लिटरला दहा-बारा ग्रॅम धुण्याचा सोडा टाका. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची काळी वायर, म्हणजे निगेटिव्ह, गंजलेल्या भागाला लावा. लाल वायर साध्या लोखंडी पत्र्याला. पत्रा आणि भाग एकमेकांना टेकता कामा नयेत. रात्रभरात गंज सुटून काळा, मऊ थर उरतो, तो ब्रशने निघतो. तीन गोष्टी सांभाळा. हे काम उघड्यावरच करा, कारण यातून हायड्रोजन निघतो. पत्रा स्टीलचा, म्हणजे स्टेनलेस, वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि पितळ, ॲल्युमिनिअम या पाण्यात घालू नका. भाग बाहेर काढला की लगेच धुऊन उन्हात वाळवा आणि तेल लावा, नाहीतर तासाभरात लाली चढते.

न सुटणारा नट आधी किंचित आवळून बघा, मग सोडवा. गंजाची पकड दोन्ही दिशांना हलली की तो लवकर निघतो. तरीही नाही निघाला तर गॅसने फक्त नट गरम करा आणि मेणबत्ती टेकवा. मेण आट्यांत ओढलं जातं. छिन्नी मारणं हा शेवटचा उपाय, आणि बिडाच्या कानाजवळ तोही नाही.

तडा शोधायची जुनी रीत आजही उत्तम आहे. जागा स्वच्छ करून रॉकेल लावा, पाच मिनिटांनी कोरडी पुसा आणि वर खडूची पूड फासा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर केसासारखी ओली रेघ ओढतं. फ्लायव्हीलचा मधला गाभा, चावीच्या खाचेचा कोपरा आणि चरकाच्या खांबाचे पाय, या जागा चुकवू नका. फ्लायव्हील दोरावर टांगून हलकं ठोकलं तर धड चाक घुमतं आणि तडकलेलं बद्द वाजतं. फ्लायव्हीलला तडा असेल तर ते इंजिन पुन्हा चालवायचं नाही. वेल्डिंग करूनही नाही. बाकीच्या बिडाच्या भागांना पितळी ब्रेझिंग किंवा निकेलचा रॉड चालतो, पण आधी सगळा भाग सारखा गरम करणारा आणि नंतर राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश थंड करणारा कारागीरच गाठा.

चरक

तीन रोलरचा चरक उघडला की आधी गिअर बघा. दाते एकाच बाजूने खाल्लेले असतात, कारण आयुष्यभर तो एकाच दिशेने फिरला. गाभा दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर गिअर काढून उलटा चढवा. न झिजलेली बाजू कामाला येते आणि नवा गिअर ओतायचा खर्च वाचतो. जोडीतले सगळे गिअर एकदम फिरवा, एकटा नाही.

बुश बहुधा गनमेटलची, म्हणजे तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूची, असतात. रोलर हाताने वर-खाली हलतो का बघा. हालला तर बुश गेलं. नवं बुश लेथवर करून मिळतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा सांगली-कुपवाडकडे असं काम करणारे आहेत. मात्र दुकानदार पितळ देऊन गनमेटल म्हणत नाही ना, तेवढं बघा. रोलरचा आस झिजला असेल तर आधी तो लेथवर गोल करून घ्यावा लागतो, आणि बुश त्या मापाचं.

आता रोलरमधली फट. ऊस आत घेणारी फट मोठी आणि चिपाड बाहेर टाकणारी फट अगदी बारीक, एवढं तत्त्व. दोन्ही टोकांना फट सारखी हवी. नाहीतर चिपाड एका बाजूला सरकतं आणि बुश एका अंगाने झिजतं. फट कसताना दोन्ही स्क्रू पाव-पाव फेरा देत जा. मग खरी परीक्षा घ्या: दहा किलो सोललेला ऊस वजन करून घाला आणि रस वजन करा. सहा किलोच्या आसपास रस आला तर चरक उत्तम. पाचाच्या खाली असेल तर फट, रोलरच्या खाचा किंवा बुश, यांतलं काहीतरी बाकी आहे. चिपाड हातात पिळून बघायची सवयही ठेवा. मुठीत ओल लागली पाहिजे, थेंब पडता कामा नये. उलट चिपाडाचा भुगा होत असेल तर फट फार आवळली आहे आणि तुम्ही गिअरचा जीव घेता आहात.

रसाला लागणाऱ्या कुठल्याही भागाला रंग नको, जस्ताचा मुलामाही नको. रस आंबट असतो, तो सगळं उतरवतो. काळं इंजिन ऑइल आणि ग्रीस रोलरच्या तोंडाशी येणार नाही अशी चकती किंवा पन्हळ करा. रस पिण्यासाठी किंवा गुळासाठी काढणार असाल तर यात तडजोड चालत नाही.

बैलाचा चरक पट्ट्यावर आणताना वेगाचा हिशेब करा. इंजिनाचे फेरे गुणिले त्याच्या पुलीचा व्यास, भागिले पुढच्या पुलीचा व्यास. मिनिटाला ६५० फेऱ्यांच्या इंजिनावर आठ इंची पुली आणि पुढे सव्वीस इंची असेल तर पुढचा आस २०० फेरे घेईल. तिथून गिअरने तो बराच खाली आणावा लागतो. बैलाच्या चालीसाठी ओतलेला चरक इंजिनाच्या वेगाने पळवला तर एका गाठाळ कांडीला खांब तडकतो.

ऑइल इंजिन

आपल्याकडे जास्त दिसतं ते लिस्टर पद्धतीचं एका सिलिंडरचं: बोअर (सिलिंडरचा व्यास) साडेचार इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) साडेपाच इंच, पाच अश्वशक्तीला मिनिटाला ६०० फेरे आणि सहाला ६५०. ते सावकाश चालतं, म्हणूनच इतकी वर्षं टिकतं.

जाम झालेला पिस्टन सोडवायची घाई करू नका. फ्लायव्हीलला पहार अडकवून चौघांनी लोंबकळलं की कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा फ्लायव्हीलची चावी कातरली जाते. हेड काढा. सिलिंडरच्या वरच्या कडेला कार्बनचं आणि गंजाचं वळं असतं, ते आधी खरवडून काढा. मग डिझेल आणि गिअर ऑइल मिसळून पिस्टनवर ओता आणि आठवडाभर मुरू द्या, मधूनमधून भर घाला. नंतर लाकडी ठोकळा पिस्टनवर ठेवून लाकडी हातोड्याने हलके ठोके द्या. एक केसभर खाली गेला की काम झालं. आता खालून वर, वरून खाली, असं हळूहळू. लोखंडी घण नको, सिलिंडरवर आगही नको.

पिस्टन सुटल्यावर लायनर बोटाने चाचपा. वरच्या भागात नखाला पायरी लागली तर लायनर आणि पिस्टन बदला. लिस्टर पद्धतीचे भाग आजही मिळतात, ही या इंजिनाची मोठी जमेची बाजू. व्हॉल्व्ह पेस्टने घासून बसवा आणि पोर्टमध्ये रॉकेल ओतून दहा मिनिटं थांबा. झिरपलं नाही तर बसले. डिझेलचा नोझल आणि पंप डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे तपासून घ्या. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नका. तो कातडी भेदून आत जातो, आणि तशी जखम झाली तर लगेच दवाखाना गाठावा लागतो. डिझेलच्या टाकीत मूठभर खडी आणि थोडं डिझेल घालून घुसळा, गंज निघतो. मग दोनदा धुवा.

सुरू करण्याआधी गव्हर्नरची, म्हणजे वेग ताब्यात ठेवणाऱ्या भागाची, दांडी बोटाने हलवून बघा. ती अडकून राहिली आणि पंप पूर्ण उघडा राहिला तर इंजिन वेग घेतच राहतं आणि बिडाचं फ्लायव्हील फुटू शकतं. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना दोन माणसं हवीत. एक हँडलला, दुसरा हवेच्या तोंडाशी फळी घेऊन. वेग सुटला तर डिझेल बंद करून तोंडावर फळी दाबायची. हवा तुटली की इंजिन मरतं. फ्लायव्हीलच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. हँडल मारताना अंगठा मुठीत वळवू नका, बोटांच्याच बाजूला ठेवा, म्हणजे उलटा झटका बसला तर हँडल हातातून निसटेल, मनगट जाणार नाही. पहिल्या दोन-तीन तासांनंतर तेल काढून टाका. त्यात उरलेला सगळा गाळ उतरलेला असतो.

कडबा कुट्टी आणि मळणी मशीन

कुट्टीचं काम सोपं: पाती धार लावून घ्या, पातं आणि खालची पट्टी यांत कागद जाईल एवढीच फट ठेवा, आणि चाकाला थांबवायचा खिळा असेल तर तो सांभाळा. उभी ठेवायची असेल तर पाती काढून वेगळी ठेवा. पोरं हमखास चाक फिरवतात.

जुनं मळणी मशीन पुन्हा सुगीला काढणार असाल तर आधी त्याचं तोंड बघा. मळणी मशीनमध्ये हात जाण्याचे अपघात इतके होत की १९८३ साली त्यासाठी खास धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. पेंढ्या घालायचं पन्हळ किमान ९०० मिलिमीटर लांब हवं आणि त्यातलं ४५० मिलिमीटर वरून झाकलेलं. जुन्यांत ते आखूड आणि उघडं असतं. पत्र्याचं नवं पन्हळ करून बसवायला एखादा दिवस लागतो. त्याने यंत्राचं जुनेपण थोडं कमी झालं तरी होऊ द्या, इथे माणसाचा हात आधी.

वरचा थर

जुना रंग जिथे तग धरून आहे तिथे तो ठेवा. उघड्या लोखंडावर उकळलेलं जवसाचं तेल पातळ चोळा, दोन दिवसांनी परत. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा उन्हात मोकळ्या पसरा. रंग द्यायचाच असेल तर मूळ छटा बुशखाली, पाटीमागे, नटाच्या चकतीखाली शिल्लक असते, ती बघून जुळवा.

किंमत

तीन आकडे काढा. पहिला भंगाराचा. काटा नसला तरी हिशेब करता येतो: बिडाच्या एका घन सेंटिमीटरचं वजन ७.२ ग्रॅम. वीस सेंटिमीटर व्यासाचा, पंचवीस लांबीचा भरीव रोलर साधारण साडेछप्पन किलो भरतो, तीन रोलर १७० च्या आसपास. गनमेटल आणि पितळ वेगळं धरा, त्याचा भाव बिडाच्या कितीतरी पट असतो आणि भंगारवाला ते सगळं एकाच भावात तोलू पाहतो. हा आकडा म्हणजे तळ. याखाली कधीच जायचं नाही.

दुसरा कामाचा. तेवढ्याच क्षमतेचं वापरलेलं चालू यंत्र आज रसवंतीवाल्याला किंवा गुऱ्हाळाला कितीला पडतं ते दोन-तीन ठिकाणी विचारा, त्यातून तुमच्या यंत्राचा राहिलेला दुरुस्ती खर्च वजा करा. चालू यंत्राची किंमत चालवून दाखवूनच मागा. इंजिन थंड असताना सुरू करा; गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवलेलं इंजिन बघून जाणता माणूस सावध होतो.

तिसरा संग्राहकाचा. इथे पूर्णता सगळ्यात आधी: मूळ पाटी, मूळ हँडल, तेलाच्या वाट्या, मूळ पुल्या. मग स्थानिक नाव. किर्लोस्करवाडीचं किंवा साताऱ्याचं ओतकाम याच भागातल्या गिऱ्हाइकाला जास्त मोलाचं वाटतं. मग कागद: पावती, चालू असतानाचा फोटो, कुठल्या गुऱ्हाळात किती वर्षं चाललं याची घरच्यांनी लिहून दिलेली माहिती. बिनकागदाचं आणि कागदासह, यांत मी नेहमी मोठा फरक धरतो. वेल्डिंग केलेला खांब, घासून गेलेली अक्षरं, दुसऱ्या यंत्राचं बसवलेलं चाक, यांनी भाव खाली येतो, पण ते लपवू नका. यादीतच लिहून द्या.

या तिन्हींत जो जास्त, तो तुमचा मागायचा भाव. भावाभावांच्या वाटणीत यंत्र येत असेल तर तिन्ही आकडे कागदावर मांडून सगळ्यांसमोर वाचा. नुसतं वजन धरून वाटणी केली की ज्याच्याकडे यंत्र गेलं त्याने पुढे दामदुप्पट विकल्यावर कुरबूर सुरू होते.

विकताना साध्या कागदावर वर्णन, फोटो, ठरलेली रक्कम, इसार किती आणि उचलायची तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्या. उचलण्याचा आणि टेम्पोचा खर्च कुणाचा, तेही त्यातच. आणि यंत्र शंभर वर्षांपेक्षा जुनं असेल, म्हणजे किर्लोस्करवाडीच्या सुरुवातीच्या काळातलं, आणि गिऱ्हाईक ते परदेशी पाठवणार असेल, तर थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. आपली वस्तू त्यात बसत नाही असा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला गिऱ्हाइकाला आधी आणायला सांगा, आणि तो हातात येईपर्यंत यंत्र अंगणातून हलू देऊ नका.